फोल्डरची मांडणी कायम करण्याबाबत

सोसायटीच्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडला की कागदांची यादी दिसावी, एवढीच माझी मागणी होती. यादी म्हणजे एकाखाली एक नावं, शेजारी तारीख, सगळ्यात नवा कागद सगळ्यात वर. यात क्रांतिकारक असं काही नाही. पण मुलुंड पूर्वेच्या आमच्या नवचैतन्य सोसायटीत ही मागणी पुरी व्हायला एक तज्ज्ञ, एक कमिटी मीटिंग, एक लेखी विरोध आणि माझी बरीचशी अब्रू खर्ची पडली.

मी, विद्याधर गुप्ते, सोसायटीचा सेक्रेटरी. अख्खी नोकरी रेकॉर्ड सेक्शनमध्ये झाल्यामुळे कागद दिसला की त्याला तारखेनुसार लावल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. सेक्रेटरी झाल्याझाल्या मी सोसायटीचे सगळे जुने कागद स्कॅन करून कॉम्प्युटरात भरले. पाण्याचा फोल्डर वेगळा, लिफ्टचा वेगळा, गळतीचा वेगळा. (गळतीचा सगळ्यात मोठा. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीचा तोच मोठा असतो.) प्रत्येक कागदाला नाव आणि तारीख. इतकं झाल्यावर फोल्डर उघडावा, तर नावं आणि तारखा कुठच्या कुठे! पडद्यावर कागदांची नुसती भलीमोठी चित्रं. वर्गातल्या भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं लावतात, तशी. आंब्याचं झाड, माझे घर, पाण्याचं बिल.

मी व्ह्यूमध्ये जाऊन डिटेल्स केलं. यादी आली. समाधानाने कॉम्प्युटर बंद करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिस उघडलं, तर पुन्हा चित्रं. मी पुन्हा यादी केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा चित्रं. असं चाललं होतं.

एरवी मी हे सोडूनही दिलं असतं. खोटं कशाला बोलू, नसतं दिलं. पण आता तर सोडणं शक्यच नव्हतं, कारण मधल्या एका कमिटी मीटिंगमध्ये चेअरमन जयंतीभाई गाला यांनी लिफ्टच्या तपासणीचा दाखला मागितला आणि मी त्या चित्रांच्या बाजारात तो शोधत बसलो. लोकांचा चहा पिऊन झाला. बिस्किटं संपली. दाखला सापडेना.

"गुप्तेभाय," जयंतीभाई चुटकी वाजवून म्हणाले, "मार्तंडभाय सेक्रेटरी होते ना, तेव्हा कागद असा यायचा. असा!"

मार्तंडराव परुळेकर समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या कानाच्या बाजूला भिंतीवर कुठेतरी बघत राहिले. माझं डोकं फिरलं.

"वार्षिक सभेत कुणीही, कुठलाही कागद मागा," मी उभा राहून म्हणालो. "हातातला चहा निवायच्या आत सभेत टीव्ही लावून त्यावर दाखवतो. नाही जमलं, तर त्याच सभेत खुर्ची सोडतो."

घरी येऊन हे वसुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती मटार सोलत होती. "पहिल्या वाक्यावर थांबता येत नाही का हो तुम्हाला कधी?" एवढंच म्हणाली.

आता या मार्तंडरावांबद्दल सांगायला हवं. मूळचे तळकोकणातल्या परुळ्याचे, वय पंचाहत्तरीच्या पुढे, आमच्या सोसायटीचे कैक वर्षांचे सेक्रेटरी. गेल्या वर्षी आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिलं. बाहेरच्या माणसाला हा सत्कार वाटेल. आमच्याकडे शाल-श्रीफळ दिलं म्हणजे खुर्ची गेली असं समजायचं. त्याआधी सहाव्या मजल्यावरच्या रतनबाईंना ऐकू कमी येतं म्हटल्यावर त्यांना अशीच शाल देऊन कमिटीतून घरी बसवलं होतं. त्यांनी रागाने त्या शालीची अजून घडीही मोडलेली नाही. मार्तंडरावांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि म्हणाले, "सेक्रेटरी नसलंय तरी चलात. पण सकाळी हापिसात मीच बसतलंय." कोणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून सकाळी ते बसतात, संध्याकाळी मी; कमिटीतली जागाही त्यांनी सोडली नाही. रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस नीट बसवून खाली येतात. माझ्याशी बोलणं कामापुरतं, आणि नजर सदैव माझ्या कानाच्या पलीकडे. पद गेलं म्हणून माणसाने इतका डूख धरावा याचं मला आश्चर्य वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

तरीही मी कर्तव्य म्हणून विचारलं, "मार्तंडराव, ती मांडणी तुम्ही बदलता का हो?"

"मी?" ते भिंतीकडे बघून म्हणाले. "मी कॉम्प्युटर चालू करतंय आणि बंद करतंय. बाकी माका काय ता कळणा नाय."

हे मला पटलं. ज्या गृहस्थांना टीव्हीच्या रिमोटचे सेल बदलायला वॉचमनला वर बोलवावं लागतं, ते फोल्डरची मांडणी काय बदलणार? माणूस वगळला की उरतं यंत्र. मी यंत्राच्या मागे लागलो.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. जयंतीभाईंच्या मते गेल्या दिवाळीत चोपडापूजनाला कॉम्प्युटर ठेवला नव्हता, त्याचा हा परिणाम. लिफ्टमध्ये भेटलेल्या एकाने सांगितलं की भिंतीपलीकडे मीटर रूम आहे, तिथल्या करंटमुळे कॉम्प्युटर विसरभोळा होतो. दुसऱ्याने बंद करून चालू करायला सांगितलं. मी म्हटलं, रोज तेच करतो. तर म्हणाला, "नाय काका, प्लग काढून. मग दहापर्यंत आकडे मोजायचे." मी मोजले. काही झालं नाही.

शेवटी कॉम्प्युटरचा डबा दुरुस्तीला न्यायचं ठरवलं. डबा छातीशी धरून गेटपाशी आलो, तर वॉचमनने अडवलं. सोसायटीची वस्तू बाहेर न्यायला गेटपास लागतो. हा नियम मीच काढला होता.

"अरे बाबा, गेटपासवर सही सेक्रेटरीची लागते ना? सेक्रेटरी मीच आहे."

"मंग द्या ना सही करून," तो म्हणाला.

डबा खाली ठेवून मी स्वतःच्या नावाचा अर्ज केला, त्यावर विचार केला आणि तो मंजूर करून स्वतःलाच गेटपास दिला. रिक्षात डबा मांडीवर घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने डबा उघडलाही नाही. "फॉरमॅट मारून टाकू," म्हणाला.

"आणि आतले कागद?"

"ते जाणार."

डोकं दुखतंय म्हणून गेलेल्या माणसाला न्हाव्याने मुंडी उडवून टाकू म्हणावं, तसं झालं. मी डबा उचलला आणि परत आलो. गेटवर वॉचमनने आवक-नोंद करायला लावली.

मग वसुधाने शर्मिष्ठाचं नाव काढलं. शर्मिष्ठा चौथ्या मजल्यावर राहते, पवईला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि फक्त रविवारी माणसांत असते. ती आली, खुर्चीवर पाय घेऊन बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही 'अप्लाय टु फोल्डर्स' केलंत का?"

"केलं! एकदा नाही, रोज करतो."

"मग तो प्रश्न विचारतो ना, की या प्रकारच्या सगळ्या फोल्डरना लावू का? तो नीट वाचलात?"

आयुष्यभर लोकांना 'अर्ज नीट वाचून मग सही करा' असं सांगितलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबतो.

"त्यात 'या प्रकारच्या' असं आहे. तुमचे स्कॅन म्हणजे फोटोच. ज्या फोल्डरात फोटो जास्त, तो कॉम्प्युटरला चित्रांचा वाटतो. साधे फोल्डर वेगळे, चित्रांचे वेगळे. तुम्ही साध्यांना यादी लावलीत, गळती आणि लिफ्ट राहिले चित्रांतच." तिने काहीतरी खटखट केलं, सगळ्या फोल्डरांना एकाच प्रकारचं केलं आणि सगळीकडे यादी लावली. मी भराभरा फोल्डर उघडून पाहिले. गळती, यादी! लिफ्ट, यादी! पाणी, यादी! तारखा कशा जवानांसारख्या रांगेत उभ्या. मी तिला घरी नेऊन वसुधाच्या हातचं आमरस-पुरीचं जेवण दिलं, आणि आमरस डब्यातला होता म्हणून माफीही मागितली.

सोमवारी संध्याकाळी ऑफिस उघडलं. चित्रं.

मी तिथूनच तिला फोन लावला. तिने सगळे फोल्डर बदललेत का ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "काका, हे मशीन नाही करत. कुणीतरी माणूस करतंय."

"शक्य नाही. चाव्या दोनच आहेत. एक माझ्याकडे, आणि दुसरी ज्यांच्याकडे आहे त्यांना काही येत नाही."

"बरं. मग लॉक करू या. पासवर्ड टाकल्याशिवाय मांडणी बदलताच येणार नाही असं करून देते. पण तुमची परवानगी हवी."

इथे दुसरी गोची. मागे एका मीटिंगच्या वेळी कुणीतरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका नटीचा फोटो लावला होता, तेव्हा मी चिडून ठराव करून घेतला होता की कमिटीच्या मंजुरीशिवाय कॉम्प्युटरच्या सेटिंगला कोणीही हात लावणार नाही. कोणीही म्हणजे सेक्रेटरीही. (यादी लावणं मी सेटिंगमध्ये धरत नव्हतो, पण पासवर्ड म्हणजे सेटिंगच.) त्यामुळे कमिटी मीटिंग बोलावणं आलं. विषयपत्रिकेवर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'फोल्डरची मांडणी कायम करण्याबाबत.'

मीटिंगमध्ये 'कायम' या शब्दावर बराच काथ्याकूट झाला. जयंतीभाई म्हणाले, "कायम म्हणजे किती वरस? उद्या रीडेव्हलपमेंट झालं तर? बिल्डरला पण यादीच दाखवायची का?" एकजण म्हणाला, चित्रं बरी, मुलांना आवडतात. कोणाच्या मुलांना, तर ते त्याला सांगता आलं नाही. मी शांतपणे, टेबलावर फक्त दोनदाच हात आपटून, शिस्तीचं महत्त्व सांगितलं. मतदान झालं. एक सोडून सगळे बाजूने.

"माझो विरोध लिवन घे," कोपऱ्यातून मार्तंडराव म्हणाले.

"कारण?"

"कारण-बिरण काय नाय. चित्रा आसत ती बरी आसत. माणसाक कागद तोंडावरना ओळखूक येवक होयो."

"मार्तंडराव, कागद नावावरून ओळखतात. तोंडावरून माणसं ओळखतात."

ते हसले नाहीत. माझ्या कानाच्या बाजूला बघत राहिले. हातातला रुमाल त्यांनी घडी घालून पुन्हा उलगडला. मी इतिवृत्तात लिहिलं: बहुमताने मंजूर, श्री. परुळेकर यांचा विरोध. लिहिताना मला आनंद झाला हे कबूल करायला हरकत नाही.

शर्मिष्ठाने लॉक लावलं. मंगळवारी यादी. बुधवारी यादी. गुरुवारी मी फोल्डर उघडला आणि त्या सरळ रांगेकडे नुसता बघत बसलो. माझ्यासारख्या हट्टी माणसाच्या आयुष्यात असे क्षण कमी येतात, कारण हट्टी माणसं एका वस्तूवरून लगेच दुसऱ्यावर जातात.

सभा रविवारी होती. शनिवारी सकाळी, एरवी मी कधी जात नाही त्या वेळेला, टीव्हीची वायर कॉम्प्युटरला बसते का ते बघायला मी खाली उतरलो. ऑफिसच्या खिडकीची जाळी मीटर रूमच्या बोळात उघडते. आत आवाज आला म्हणून डोकावलो.

दुसऱ्या मजल्यावरची एक भाडेकरू मुलगी टेबलासमोर उभी होती. तिला गॅसच्या जोडणीसाठी सोसायटीच्या पत्राची प्रत हवी होती. मार्तंडराव कॉम्प्युटरसमोर. त्यांनी मान एका बाजूला वळवली होती, कोंबडी दाणा बघते तशी, आणि पडद्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. मग मान दुसऱ्या बाजूला केली. मग नाक पडद्याला लागेल इतके पुढे वाकले. माझी सुंदर यादी त्यांच्यासमोर उघडी होती, सगळी नावं, सगळ्या तारखा, बारीक काळ्या अक्षरात.

त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने कीबोर्डच्या कोपऱ्यातलं बटण दाबून धरलं आणि उजव्या हाताने माऊसचं चाक फिरवलं. असं केलं की चित्रं मोठी होतात, मला माहीत आहे. काही झालं नाही. लॉक होतं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा चाक फिरवलं. पुन्हा. मग त्या मुलीकडे, म्हणजे तिच्या कानाच्या पलीकडे बघत म्हणाले, "सर्व्हर डाऊन आसा गो. सांजच्याक गुप्ते येतलो, तेव्हा ये."

ती गेली. मार्तंडरावांनी शर्टाची कॉलर सारखी केली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तसेच बसून राहिले.

मी वायर न बघता वर आलो. वर्षभर तो माणूस माझ्याकडे तिरका बघतो म्हणून मी जळत होतो. त्याला सरळ बघितलं की मी दिसतच नव्हतो! पांढऱ्या कागदावरचा महापालिकेचा गोल शिक्का, पाण्याच्या बिलाची निळी पट्टी, लिफ्टवाल्याचा पिवळा कागद, एवढं मोठं काही असलं की त्याला कळत होतं. आणि मी कमिटी बोलावून, ठराव करून, ते काढून घेतलं होतं. मला फार वाईट वाटलं.

वसुधाला सगळं सांगितलं. ती चहा गाळता गाळता थांबली.

"त्यांना विचारू नका हं," ती म्हणाली. "ते नाही म्हणतील. आणि विचारलंत हे कळलं तर सोमवारपासून खाली यायचेच नाहीत. परुळेकर वहिनी गेल्यापासून त्यांना ते सकाळचे तासच आहेत."

"पण डॉक्टरला दाखवायला नको?"

"हवं. पण तुम्ही सांगून ते जातील?"

हे खरं होतं. डोळ्यांचं कमिटीला कळलं असतं तर जयंतीभाईंनी प्रेमाने दुसरी शाल आणली असती. मी चहा तसाच ठेवून चौथ्या मजल्यावर गेलो आणि शर्मिष्ठाला झोपेतून उठवलं. मी काही ठरवलं की करतोच, आता फक्त ठरवलेलं उलटं झालं होतं.

"काका, सगळं काढू? परत चित्रं?" ती डोळे चोळत म्हणाली.

"सगळ्यात मोठी. आणि कायमची. ठरावाचं मी बघतो."

रविवारी गच्चीवर सभा भरली. मंडप, खुर्च्या, टीव्ही, खालून वर आणलेला कॉम्प्युटर, चहाचा थर्मास. इतिवृत्त वाचून होतं न होतं तोच जयंतीभाईंनी कप भरून घेतला, वर धरला आणि सगळ्यांना दाखवला.

"गुप्तेभाय, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची गॅरंटी. चालू करा!"

हशा पिकला. मी उभा राहिलो.

"त्याआधी एक ठराव मांडतो. फोल्डरची मांडणी यादीची करण्याचा ठराव रद्द करावा आणि मोठी चित्रं कायम करावीत."

"अरे पण तुम्हीच तर..." जयंतीभाईंचा कप तसाच वर राहिला. "कारण काय?"

माझ्या आयुष्यात मी सभेत खोटं बोललो नव्हतो. तरी ते सरळ बाहेर आलं.

"मला बारीक अक्षरं दिसत नाहीत. यादी वाचता येत नाही. डोळे अधू झालेत माझे."

कुणीतरी च्च् च्च् केलं. मागून कुणीतरी गाजर खायला सांगितलं. मी पुढे म्हणालो, "त्यामुळे आज कागद मार्तंडराव काढतील. त्यांना सगळे कागद तोंडावरून ओळखता येतात."

मार्तंडरावांनी मान वर केली. मग हळूच एका बाजूला वळवली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठले, शर्ट सारखा केला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. टीव्हीवर भलीमोठी चित्रं उघडली. मान तिरकी केली, चाक फिरवलं, आणि हिरव्या पट्टीच्या एका कागदावर बोट ठेवलं.

"ही घे तुझी गॅरंटी, जयंतीभाय. चाय पी आता."

जयंतीभाईंनी चहा प्यायला आणि जीभ भाजून घेतली. टाळ्या पडल्या. मग लोकांनी नुसती मजा म्हणून कागद मागितले, लिफ्टचा, पाण्याचा, टाकी धुतल्याचा, आणि मार्तंडराव ते एकामागून एक काढत गेले. माझी खुर्ची वाचली, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. इतिवृत्तात मलाच माझ्या अक्षरात लिहावं लागलं की सेक्रेटरींची दृष्टी अधू असल्याने सदर ठराव एकमताने मंजूर. जयंतीभाई शेजारच्याला हळूच म्हणाले, आणि ते मला चांगलं ऐकू आलं, "पुढच्या वर्षी गुप्तेभायला शाल द्यायला लागणार."

त्यानंतर आठवडाभर लोकांनी जिन्यात माझा पिच्छा पुरवला. एकाने तूप सांगितलं, दुसऱ्याने उगवत्या सूर्याकडे बघायला सांगितलं, तिसरा तर मला हाताला धरून पायरी उतरवायला लागला. वॉचमन रजिस्टरमधलं नाव मोठ्याने वाचून दाखवायचा. मी सगळं सहन केलं. शुक्रवारी सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर मार्तंडराव, पांढऱ्या शर्टात.

"गुप्ते, तुझ्या डोळ्यांचा काय ता बघूक होया. असा दुर्लक्ष करू नये. घाटकोपराक एक चांगलो डॉक्टर आसा म्हणतत." ते दाराच्या चौकटीकडे बघत बोलत होते. "एकटो जाव नको. मी येतंय तुझ्याबरोबर."

मी चपला घातल्या. वसुधाने माझ्या खिशात पाण्याची छोटी बाटली कोंबली आणि मार्तंडरावांच्या हातात छत्री दिली.

घाटकोपरला दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीने पेन उचललं आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"पेशंट कोण?"

मी मार्तंडरावांकडे बोट केलं, आणि त्यांनी, मान तिरकी करून, नीट नेम धरून, माझ्याकडे.